लाल ठिपक्यांचं कडं

त्या दुपारी आईने जाताना मला दोन शब्द सांगितले होते, "दूध बघ." मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरला डोळे लावून बसलो होतो. म्हणालो, "हं." ती चपला घालता घालता म्हणाली, "उतू जाईल रे." मी पुन्हा म्हणालो, "हं." भाजी घेऊन ती परत आली तेव्हा दूध ओट्यावरून उतरून फरशीवर आलं होतं, पातेलं बुडाला काळं पडलं होतं आणि मी जागचा हललो नव्हतो. मला वाससुद्धा आला नाही, हे ऐकून तिचा राग दुप्पट झाला.

आई अंबडला बरीच वर्षं शाळेत शिकवत होती, त्यामुळे तिचं रागावणंही मुद्देसूद असतं. ती म्हणाली, "तू गप्प बसला असतास ना, तर मी गॅस बंद करून गेले असते. दूध गेलं ते तुझ्या हं-मुळे गेलं." मग फरशी पुसता पुसता तिने तिचं जुनं तत्त्वज्ञान मला ऐकवलं. लहानपणी ती गोष्ट सांगायची तेव्हा आम्हाला हुंकार द्यावा लागे, आणि तिला नुसता "हं" चालत नसे. "मग?" असं विचारायला लागायचं. तिचं म्हणणं, हं काय, झोपेतही म्हणता येतं. "मग?" म्हणायला आधी ऐकावं लागतं.

मी तोऱ्यात म्हणालो, "कामात होतो." आणि कामात होतो हे खरंच होतं.

ते काम काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच दुपारी सुरू झालं. मी जालन्यात राहून हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. नातेवाईकांना अजून वाटतं मी मोबाईल दुरुस्त करतो. त्यांची समजूत काढायचा नाद मी सोडलाय, उलट दोघातिघांच्या मोबाईलच्या काचा बदलून आणून दिल्या आहेत. तर त्या वर्षी माझ्याकडे बियाण्याच्या एका कंपनीचं काम होतं. शेतकऱ्यांच्या शेतात कपाशीचं बियाणं तयार होतं, आणि कंपनीची माणसं दर थोड्या दिवसांनी जाऊन तो प्लॉट बघून येतात. कोण गेलं, कधी गेलं, याची नोंद शेतातच व्हावी म्हणून कंपनीने कुठून तरी जुनी, दणकट यंत्रं घाऊक उचलून आणली होती. आकार विटेएवढा, वजनही जवळजवळ तेवढंच. सोबत टोचून लिहायला एक काडी यायची. ती पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी हरवली आणि नखाने काम सुरू केलं.

काम सोपं होतं. बांधावर प्लॉटची पाटी, पाटीवर उभ्या रेघांचा कोड. यंत्राने तो वाचला की त्या प्लॉटचं पान उघडायचं. पानाच्या खाली निळ्या अक्षरांत "पाहणी झाली". त्याच्यावर टिचकी मारली की भेट नोंदली जायची. बस्स.

हे पान दाखवायला यंत्रात एक तयार खिडकी मिळायची. वेबचं पान असतं तसलं पान ती आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात दाखवायची. स्वभावाने ती फार आज्ञाधारक. कुणी अक्षरांवर टिचकी मारली की मालकाला निरोप, चित्र सापडेना की निरोप, कुणी बोट दाबून धरलं की निरोप. मालक म्हणजे माझा प्रोग्रॅम. प्रत्येक निरोपाला मालकाने दोनपैकी एक उत्तर द्यायचं. "हं, मी बघतो" किंवा "नाही, तुझं तू बघ." नाही म्हटलं तर खिडकी तिला येतं तसं निभावून नेते. हं म्हटलं की ती गप्प बसते. मालकाने खरंच काही केलं का, हे ती पुन्हा विचारत नाही.

सगळं तयार झाल्यावर कंपनीच्या ऑफिसात मी प्रात्यक्षिक दिलं. तिथल्या बड्या साहेबांनी यंत्र हातात घेतलं आणि निळ्या अक्षरांवर बोट दाबून धरलं. काचेवर बोटाभोवती लाल ठिपके एकेक करून उमटले, त्यांचं कडं पूर्ण झालं आणि इंग्रजीतली एक राखाडी यादी उघडली. हे यंत्राचंच वळण होतं, दाबून धरलं की ठिपके आणि मागोमाग यादी. साहेबांनी यादीतलं काहीतरी निवडलं, आणि पान गायब. "काय हो इंजिनियर," साहेब म्हणाले, "आम्ही पाहणी मागितली, तुम्ही मेनूकार्ड दिलं!" सगळी खोली हसली. चहा आणणारासुद्धा हसला.

माझ्या नाकावर राग असतो. तसाच घरी आलो, पाणीही न पिता बसलो आणि प्रोग्रॅमच्या तळाशी एक ओळ लिहिली. टिचकीचा निरोप आला तर नोंद कर, बाकी कुठलाही निरोप येऊ दे, तू आपलं "हं" म्हण. करून बघितलं. बोट दाबून धरलं, ठिपक्यांचं कडं आलं, यादी काही आली नाही. सगळं कसं शांत! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी मागे रेललो तेव्हा आई दारात उभी होती आणि स्वयंपाकघरातून धूर येत होता.

हंगाम सुरू झाला. केदारखेड्याच्या बाजूचे प्लॉट एका मावशींकडे होते. पन्नाशी ओलांडलेल्या. आधी कित्येक वर्षं त्या स्वतः बायकांची टोळी घेऊन क्रॉसिंगला जायच्या. क्रॉसिंग म्हणजे कपाशीच्या मादी फुलावर हाताने नर फुलाचे पराग लावायचे. त्या कामातलं त्यांना इतकं कळत होतं की कंपनीने त्यांना पाहणीवर घेतलं. पण नेमणूक हंगामापुरती, दर हंगामाला नवा कागद. त्यांचा एकदा मला फोन आला. "साहेब, ते लाल कडं येऊन राह्यलं बराबर. पण मागच्या भेटी दिसत न्हाईत पानावर. तसंच असतंय का?" मी काहीतरी करत होतो. काय करत होतो ते आता आठवत नाही, म्हणजे ते किती महत्त्वाचं असेल बघा. मी म्हणालो, "हं." पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. मी म्हणालो, "हं हं, मावशी. बराबर आहे." त्या म्हणाल्या, "मंग ठीक," आणि फोन ठेवला.

हंगाम ऐन भरात असताना साहेबांनी मला बोलावलं. टेबलासमोर मावशी उभ्या होत्या, खुर्ची रिकामी असूनही उभ्या. साहेब एरवी त्यांना मावशी म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "ह्या बाई म्हणतात की रोज प्लॉटवर जातात. आणि तुमचं मशीन म्हणतं एकदाही गेल्या नाहीत. एकदाही! बाकी सगळ्यांच्या नोंदी आहेत. आता तुम्ही सांगा, खोटं कोण बोलतंय? मशीन का बाई?"

मला त्या प्रश्नाचा रागच आला. माझ्या मशीनवर शंका? मी म्हणालो, "मशीनमध्ये बिलकुल दोष नाही. सगळ्यांचं चालतंय म्हटल्यावर माणसाचंच काहीतरी चुकत असणार." हे मी ज्या थाटात म्हणालो तो थाट आठवला की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी रोज जाऊन राह्यले, साहेब. काल गेल्ते, परवा गेल्ते. काम काढायचं तर काढा. पण घरी बसून खोटं सांगती म्हणू नका. त्या शेतांत माझ्या हाताखालच्या बाया हायेत. त्यांना तोंड कसं दाखवू मी?"

साहेबांच्या टेबलावर टाइप केलेला एक कागद पेपरवेटखाली होता. तो त्यांनी बोटाने जरा पुढे सरकवला. "यावर सही करायची राहिलीय. इंजिनियर, उद्या सकाळी तुम्ही यांच्याबरोबर जा, शिकवून बघा. दुपारपर्यंत मला सांगा. नाहीतर मी सही करतो."

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर केदारखेड्याला गेलो ते शिकवायला. शिकवणाऱ्याची ऐट काही औरच असते. मी तर वाटेत वाक्यंही जुळवली होती, "मावशी, हे बघा, अगदी सोपं आहे..." मावशी बांधावर उभ्याच होत्या. शेतात ओळी धरून बायका कामाला लागल्या होत्या, आणि सकाळची ती वेळ क्रॉसिंगची असल्यामुळे कुणी मान वर करून बघायलाही तयार नव्हतं.

"पाच मिनिटं थांबा," मावशी म्हणाल्या, "एक नवी बाई आलीय, तिला दावून येते." त्या ओळीत शिरल्या, नर फूल हातात घेतलं, मादी फुलाच्या टोकावर हलकेच टेकवलं, जरासं फिरवलं आणि तसंच थांबवलं. एक श्वास जाईल इतकं. मग सोडलं, आणि देठाला लाल दोऱ्याचा वेढा घातला. नव्या बाईला म्हणाल्या, "पुसल्यावानी करू नको. टेकव, थांब, मंग सोड. घाई केली की बोंड धरत न्हाई. अन् दोरा बांधल्याबिगर पुढच्या फुलाला हात लावायचा न्हाई. दोरा म्हंजे काम झालं."

मग त्या माझ्याकडे आल्या. यंत्र पाटीसमोर धरलं, पान उघडलं. सगळं अचूक, माझ्यापेक्षा सफाईने. निळ्या अक्षरांवर नख टेकवलं, आणि थांबल्या. एक श्वास जाईल इतकं. नखाभोवती लाल ठिपके एकेक करून उमटले, कडं पूर्ण झालं. मावशींनी बोट उचललं.

"झालं," त्या म्हणाल्या.

टिचकीचा निरोप गेलाच नव्हता. गेला होता दाबून धरल्याचा निरोप, आणि त्याला काय उत्तर मिळालं असेल ते मला तोंडपाठ होतं. ती ओळ मीच लिहिली होती. खिडकीने इमानेइतबारे सांगितलं, कुणीतरी बोट टेकवून थांबलंय. माझा प्रोग्रॅम म्हणाला, हं. आणि दूध उतू गेलं. बाकीचे पाहणी करणारे तरुण, त्यांनी शेतात कधी फुलाला हात लावलेला नाही. ते टिचकी मारून मोकळे होत. ज्या एकट्या मावशींना फुलाचं काम खरं येत होतं, त्यांचीच नोंद माझं यंत्र गिळत होतं.

तरी मी विचारलं, "मावशी, झालं हे कशावरून?"

त्यांनी आधी कपाशीच्या देठाकडे बोट दाखवलं, मग काचेकडे. "हे लाल कडं. तिथं दोरा, इथं ठिपके. तुमीच केलं ना तसं? मी बायांना दावलं बी, की बघा, कंपनीनं आपलं काम बघून मशीन बनवलं. लई बरं वाटलं होतं मला."

मी ते केलं नव्हतं. त्या बायका काय करतात, हे मी त्या सकाळच्या आधी पाहिलंही नव्हतं. "चला, ऑफिसात जाऊ," एवढंच म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. सहीला नेतोय असं त्यांना वाटलं असणार, पण काही न विचारता त्या मोटरसायकलवर मागे बसल्या.

जालन्याला पोहोचेपर्यंत माझं स्वतःशी जोरात भांडण चाललं होतं. एक मन म्हणत होतं, ओळ गुपचूप दुरुस्त कर, मावशींना टिचकी शिकव, मिटलं. काम माझ्याकडे राहील, मावशींचंही राहील, सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. ऑफिसात शिरलो तर साहेबांनीच ती वाट मोकळी करून दिली. "काय, जमलं का शिकवायला? जमलं असेल तर ठीक आहे, हा हंगाम राहू द्या त्यांना. मागचं जाऊ द्या. पण बाई, पुढच्या वर्षी बघू आपण."

मागचं जाऊ द्या म्हणजे मावशी खोटं बोलल्या, पण आम्ही मोठ्या मनाने पोटात घातलं. मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. मी "हो" म्हटलं असतं तरी त्या काही बोलल्या नसत्या, हे मला दिसत होतं, आणि मला माझीच चीड आली.

मी म्हणालो, "साहेब, चूक मशीनची आहे. म्हणजे माझी." आणि सगळं सांगितलं. मेनूकार्डापासून सुरुवात केली. साहेबांना त्यातलं निम्मं कळलं, पण उरलेल्या निम्म्यावर ते भडकले. "काल तर तुम्ही छाती ठोकून सांगत होतात!"

"काल मी न बघता सांगितलं," मी म्हणालो.

"आणि आज बघून सांगताय? ह्या रोज गेल्या याला पुरावा काय?"

इथे माझा आळस कामी आला. प्रोग्रॅम लिहिताना खिडकीचा प्रत्येक निरोप वेळेसकट एका फाइलमध्ये उतरवायची सोय मी केली होती. काम संपल्यावर ती काढून टाकायची असते. मी काढली नव्हती, आणि उघडून बघितलीही नव्हती. मावशींचं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि फाइल उघडली. पानामागून पानं. कुठल्या प्लॉटची पाटी वाचली, किती वाजता, आणि खाली प्रत्येक वेळी तेच, बोट दाबून धरलं, उत्तर दिलं: हं. एकही कामाचा दिवस सुटला नव्हता. काही प्लॉटवर त्या सकाळी जाऊन संध्याकाळी पुन्हा गेल्या होत्या. सहज म्हणून साहेबांनी बाकीच्यांच्या नोंदी शेजारी लावायला सांगितल्या. कुणाच्याच भेटी मावशींइतक्या भरल्या नाहीत.

"बसा मावशी," शेवटी ते म्हणाले. मावशी बसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे ह्याच्यात सगळं होतं?"

"होतं," मी म्हणालो.

साहेबांनी पेपरवेटखालचा कागद काढला, उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यासमोर ठेवली. "हे सगळं लिहून द्या. मराठीत, मला कळेल असं." मावशींना काढून टाकायच्या पत्राच्या पाठीवर मी माझी चूक लिहिली. किती वर्षांनी हाताने मराठी लिहिलं कोण जाणे, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलं. खाली सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, मशीनं आजच दुरुस्त करा, पुढच्या हंगामात तुम्हाला काम द्यायचं का ते नंतर ठरवू. त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून मी ती ओळ बदलली. आता टिचकी मारा नाहीतर बोट टेकवून थांबा, नोंद होते आणि काचेवर मोठ्या अक्षरांत तसं लिहूनही येतं. ठिपक्यांचं कडं मी तसंच ठेवलं.

बाहेर चहाच्या टपरीवर मावशी एसटीची वाट बघत बसल्या होत्या. मी दोन चहा सांगितले आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. आणि ते लाल कडं मी तुमच्यासाठी केलं नव्हतं. ते मशीनमध्ये आधीपासूनच होतं."

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला शंका आल्ती. म्हणून तर फोन लावला तुमाला, दोन बारीला. पर तुमी हं म्हणलात. मला वाटलं, ऐकलं साहेबांनी."

मला वाटलं होतं, त्या ऑफिसात जे लिहून दिलं त्यात सगळं आलं. हे त्यात नव्हतं.

"काय सांगणार होतात तेव्हा?" मी विचारलं. "आता सांगा."

"आता काय त्याचं," त्या म्हणाल्या. पण मी बसून राहिलो तसं त्यांनी बशी खाली ठेवली आणि सांगायला लागल्या. पाटी उन्हात चमकते तेव्हा कोड वाचला जात नाही, मग पदराची सावली धरावी लागते. पानावरची अक्षरं बारीक आहेत. एका प्लॉटची पाटी चुकीच्या बांधावर लावलीय, हे त्या कधीपासून सांगून राह्यल्या, कुणी ऐकत नाही. मधेच त्या थांबल्या आणि माझ्याकडे निरखून बघू लागल्या. एसटी येऊन उभी राहिली होती, माणसं चढत होती. माझ्या तोंडात "हं" आलाच होता, तो मी गिळला.

"मंग?" मी म्हणालो.

मावशींनी ती एसटी जाऊ दिली.